अब्बांचे तवे

आमच्या घरात रेकॉर्डला रेकॉर्ड म्हणायची पद्धत कधी नव्हती. अब्बा तवा म्हणत, म्हणून आम्हीही तवाच म्हणतो. मिरजेच्या घरी बैठकीच्या खोलीत एक सागवानी कपाट आहे. त्यात असे ११८ तवे आहेत, सगळे उभे लावलेले. आडवे रचले की खालचे वाकतात, हे अब्बांनी आम्हाला अक्षरे गिरवायच्या वयातच शिकवले होते.

आम्ही म्हणजे दोघी बहिणी. थोरली मिरजेतच शाळेत शिकवते, धाकटी कोल्हापूरला हिशेबाचे काम करते आणि दर शनिवारी माहेरी येते. भाईजान शारजात आहेत. अब्बांचा इंतकाल २०१९ साली झाला. तेव्हापासून तवे ऐकायच्या त्या एकट्या अम्मी. रोज मगरिबनंतर एक तवा, कधी दोन. कपाट उघडून, पाठीमागचे नाव न वाचता, जागेवरून ओळखून त्या तवा काढत.

तीन वर्षांपासून अम्मींच्या उजव्या हाताला कंप आहे. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला, गोळ्या सुरू आहेत, चालणे-फिरणे अल्लाहच्या कृपेने ठीक आहे. पण तव्यावर सुई ठेवायला जी एवढीशी, बोटाच्या टोकाची हालचाल लागते, ती गेली. एके संध्याकाळी सुई हातातून निसटली आणि बेगम अख्तरच्या एल.पी.वर आडवी फरफटत गेली. अम्मींनी झाकण लावले, वर कशिदा काढलेले कापड टाकले आणि तवे ऐकणे बंद केले. वहिनी म्हणाल्या, "अम्मी, मला हाक मारा, मी लावून देते." नातू म्हणाला, "दादी, मी आहे ना." अम्मी काही बोलल्या नाहीत. नंतर आम्हाला एकटीला गाठून म्हणाल्या, "हर बार किसीकू बुलाना, फिर सुनना. वो सुनना नै, अर्जी देना है."

हे वाक्य आम्हा दोघींच्या मनात रुतून बसले. तवे संगणकावर उतरवायचे, पेन ड्राइव्हमध्ये भरायचे आणि मोठ्या बटनांचा एखादा रेडिओ अम्मींच्या उशाशी ठेवायचा, असे ठरले. पुण्यातल्या एका दुकानदाराला विचारले. त्याने एका तव्यामागे जो आकडा सांगितला, त्याला ११८ ने गुणल्यावर आम्ही फोन ठेवला. शिवाय तवे पुण्याला पाठवायचे, तेही एस.टी.च्या डिकीतून, ही कल्पनाच अम्मींना सांगण्यासारखी नव्हती.

आणि खरे तर हे काम घरात आधीच सुरू झालेले होते. अब्बांनीच ते सुरू केले होते.

अब्बा रेल्वेत गार्ड होते. २००१ साली निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी आधी हज केली, मग घराचे पत्रे बदलले आणि उरलेल्यातून एक संगणक घेतला. त्या काळी संगणकाच्या मासिकांबरोबर सी.डी. फुकट मिळत असे. अशाच एका सी.डी.वर त्यांना रेड हॅट लिनक्स मिळाले आणि त्या लिनक्ससाठी ग्रॅमोफाइल नावाचे एक छोटे सॉफ्टवेअर. नावातच ग्रामोफोन होता, म्हणून अब्बांनी उचलले असावे. नेदरलँड्समधल्या दोन जणांनी ते १९९८ च्या सुमारास लिहिले. हेतू एकच: जुनी रेकॉर्ड वाजवायची, संगणकात भरायची, गाण्यांचे तुकडे पाडायचे, खरखर कमी करायची आणि सी.डी. बनवायची. चित्रे नाहीत, माऊस नाही. काळ्या-निळ्या पडद्यावर पाच-सहा ओळींची यादी, बाणाच्या बटनाने खाली-वर जायचे आणि एंटर दाबायचे. गाडीची वेळ, डब्यांची संख्या, सिग्नलची नोंद असे सगळे आयुष्यभर ओळीत लिहिणाऱ्या माणसाला ते आवडले यात नवल नाही.

अब्बांनी त्याची एक वही केली होती. रेल्वेची जुनी, लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. डाव्या पानावर तव्याचे नाव, क्रमांक, किती फेऱ्यांचा (३३, ४५ की ७८), कुठून घेतला. उजव्या पानावर संगणकात काय केले त्याची नोंद: आवाज किती ठेवला, गाणी किती निघाली, कुठली गाळणी लावली. फिल्टरला ते गाळणी म्हणत. पहिली नोंद २००२ च्या जूनची, शेवटची २००७ च्या फेब्रुवारीची. त्यानंतर त्यांची बायपास झाली, संगणकही जळाला, आणि वहीची उरलेली पाने कोरी राहिली. ११८ पैकी ४७ तवे त्यांनी उतरवले होते. एका तव्याची एक सी.डी., प्रत्येकीवर निळ्या शाईने क्रमांक.

आम्हाला वाटले, निम्मे काम तर झालेलेच आहे. सी.डी. काढल्या आणि एकेक लावून पाहिली. ४७ पैकी १९ वाचल्याच जाईनात. उन्हाळ्यात मिरजेची हवा काय असते ते सांगायला नको. पत्र्याखालच्या त्या पेटीत अठरा-वीस उन्हाळे काढल्यावर काहींचा चंदेरी थर कडेने सुटला होता. म्हणजे विसाव्या शतकातला तवा अजून वाजतो आहे आणि त्याची एकविसाव्या शतकातली नक्कल मेली. ज्यांनी लग्नाच्या, मुलांच्या लहानपणीच्या चित्रफिती सी.डी.वर उतरवून निर्धास्त ठेवल्या आहेत त्यांना आमची विनंती आहे, आजच एकदा लावून पाहा.

उरलेल्या २८ सी.डी. मात्र उघडल्या, आणि त्यात जे सापडले त्याने आम्हाला हुरूप आला. प्रत्येक सी.डी.वर तव्याच्या दोन बाजूंच्या दोन साध्या ध्वनि-फाइली होत्या आणि प्रत्येकीच्या जोडीला एक चिमुकली मजकुराची फाइल. तिच्यात एवढेच: गाणी किती, पहिले कितव्या मिनिटाला सुरू, कितव्याला संपले, दुसरे कुठे. ग्रॅमोफाइल ही फाइल स्वतः बनवते, पण ती साध्या मजकुराची असल्यामुळे माणसाला हाताने दुरुस्त करता येते. अब्बांनी दुरुस्त केली होती. वहीत लिहिले होते, "मशीनने ७ सांगितले, आहेत ४. वेळा बदलल्या." वीस वर्षांपूर्वीची ती फाइल आजच्या संगणकावर दोनदा टिचकी मारताच उघडली.

याउलट, भाईजानने २००५ च्या सुमारास एक विकतचे सॉफ्टवेअर आणून अम्मींच्या माहेरच्या काही कॅसेटी उतरवल्या होत्या. त्याच्या फाइली त्या कंपनीच्या खास पद्धतीच्या. ते सॉफ्टवेअर आता मिळत नाही, आणि त्या फाइली कशानेच उघडत नाहीत. म्हणजे बेवारस दोन्ही सॉफ्टवेअर झाली, पण एकाने मागे चावी ठेवली आणि दुसऱ्याने कुलूप.

तेव्हा अब्बांच्याच पद्धतीने पुढे जायचे, असे आम्ही ठरवले. आमचा भाचा सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर त्याने आम्हाला उबुंटू लिनक्स घालून दिले. मग ग्रॅमोफाइल शोधायला बसला आणि हसत सुटला. "खाला, ह्याला कोणी वाली नाही. वीस वर्षांपूर्वी शेवटची आवृत्ती आलीय. १.६. त्यानंतर सन्नाटा."

आधी तयार सॉफ्टवेअरच्या यादीत ते असायचे, आता तिथूनही काढून टाकलेले. पण त्याचा मूळ मजकूर, म्हणजे ज्या सूचनांपासून सॉफ्टवेअर तयार होते त्या सूचना, सगळ्यांसाठी खुल्या आहेत. कोणीही घ्याव्यात, वाचाव्यात, बदलाव्यात, पुढे द्याव्यात, असा त्याचा परवानाच आहे. भाच्याने तो मजकूर उतरवला, नव्या संगणकावर पुन्हा बांधला. पिवळ्या अक्षरांत तक्रारींची रांग लागली, पण शेवटी बांधला गेला. तोच काळा-निळा पडदा उघडला. आम्हा दोघींना अब्बांचा चष्मा नाकावर घसरलेला दिसला.

"रेकॉर्ड" वर एंटर दाबले आणि पहिलीच ओळ आली: आवाजाचे यंत्र सापडत नाही.

हे असे का, ते समजायला आम्हाला दोन शनिवार लागले. ज्यांना रस नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. अब्बांच्या काळच्या लिनक्समध्ये आवाज घेण्या-देण्याची जी व्यवस्था होती तिला ओ.एस.एस. म्हणत. त्यात साउंड कार्ड म्हणजे एक ठरलेल्या नावाची खिडकी असे, /डेव्ह/डीएसपी. सॉफ्टवेअरने त्या खिडकीवर जायचे आणि आवाज मागायचा. २००३ च्या डिसेंबरात लिनक्सच्या गाभ्याची २.६ ही आवृत्ती आली आणि अल्सा नावाची नवी व्यवस्था मुख्य झाली. पुढे त्यावर आणखी थर चढले. जुनी खिडकी हळूहळू बंद झाली. ग्रॅमोफाइल बिचारे अजून त्याच खिडकीवर जाऊन उभे राहते. तिकीटघर दुसऱ्या फलाटावर गेले हे त्याला सांगणारे कोणी उरले नाही.

यावर एक उतारा आहे. पॅडएसपी नावाचा एक छोटा दुभाषी ग्रॅमोफाइलच्या आधी सुरू करायचा. तो मध्ये उभा राहतो, जुन्या खिडकीचे सोंग घेतो आणि मागणी नव्या व्यवस्थेकडे पोहोचवतो. आम्ही ते केले. आवाज आला. पण आमच्या लॅपटॉपवर मध्ये मध्ये तुटत होता, सुपारी कातरल्यासारखा. भाचा म्हणाला, "सोडा ना खाला. ऑडॅसिटी घ्या. फुकट आहे, चालू आहे, लोक सांभाळतात त्याला."

त्याचे म्हणणे वावगे नव्हते. पण धाकटीचे काम हिशेबाचे. एखादा ताळा जुळत नसेल तर सगळी वही फेकायची नसते, कुठल्या ओळीत अडले ते बघायचे असते. आम्ही अब्बांच्या वहीवरून कामाच्या पायऱ्या लिहून काढल्या: आवाज भरणे, गाणी शोधणे, गाळणी लावणे, तुकडे पाडणे. यातल्या फक्त पहिल्या पायरीला साउंड कार्ड लागते. बाकीच्या तिन्ही पायऱ्या नुसती फाइल वाचतात आणि फाइल लिहितात, त्यांना खिडकीशी कर्तव्य नाही. म्हणजे ग्रॅमोफाइलचा एकच पाय लंगडा होता.

मग आवाज भरायला लिनक्समध्येच असलेला अरेकॉर्ड नावाचा साधा आदेश घेतला आणि भरलेली फाइल ग्रॅमोफाइलच्या हाती दिली. तिने कुरकुर न करता घेतली, जणू तिनेच भरली होती.

लॅपटॉपला हल्ली एकच भोक असते, माइकचे. ते तव्यासाठी निरुपयोगी. त्यातून डावा-उजवा असे दोन आवाज वेगळे येत नाहीत आणि थोड्याशा आवाजानेही ते फाटते. म्हणून यू.एस.बी.चे एक छोटे साउंड कार्ड घेतले, ज्याला मागे डाव्या-उजव्या आवाजाची दोन भोके आहेत. दुसरे असे की, सुईतून येणारा आवाज सरळ संगणकाला जोडायचा नसतो. तवा कापतानाच खर्ज दाबलेला आणि टिपेचा सूर चढवलेला असतो. वाजवताना अॅम्प्लिफायर ते उलटे करून मूळ तोल परत आणतो. थेट जोडले तर सगळे गाणे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे ऐकू येते. अब्बांच्या जुन्या अॅम्प्लिफायरला मागे "टेप आउट" लिहिलेली दोन भोके आहेत. तोल सावरलेला आवाज तिथून मिळतो. वायर तिथे लावायची हे वहीच्या पहिल्याच पानावर चित्र काढून, बाण दाखवून लिहिलेले होते.

तवे धुणे हे मात्र आमचे खाते. कोमट शुद्ध पाणी (बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर), त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती कापड, आणि गोल गोल, खाचेच्या दिशेने. मधल्या कागदावर पाणी जाऊ द्यायचे नाही. एक सावधगिरी महत्त्वाची: ७८ फेऱ्यांचे जुने जड तवे लाखेचे असतात, त्यांना स्पिरिट कधीही लावू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणाऱ्याच्या घरी कोणाला हे सांगावे लागणार नाही, पण आमच्या ओळखीतल्या एका घरी असा एक तवा स्वच्छ करता करता गुळगुळीत झाला.

आता खरा प्रश्न आला तो गाळणीचा.

आवाज संगणकात भरतो म्हणजे एका सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो, डावा वेगळा आणि उजवा वेगळा. वीस मिनिटांच्या एका बाजूची फाइल २१२ एम.बी.च्या आसपास होते. तव्यावर ओरखडा असेल तिथे या मोजमापांच्या रांगेत एखादा आकडा एकदम उसळतो. समजा रांग अशी आहे: ५, ६, ५, ९०, ६. हा ९० म्हणजे "टक्". ग्रॅमोफाइलची सगळ्यात साधी गाळणी काय करते, तर शेजारपाजारचे आकडे चढत्या क्रमाने लावते आणि मधला उचलते. ५, ५, ६, ६, ९० यातला मधला ६. टक् गेला. पण ही गाळणी सगळ्या गाण्यावरून सरसकट फिरते. जिथे ओरखडा नाही तिथेही आकडे थोडे थोडे गुळगुळीत करत जाते. दुसरी एक गाळणी शर्तीची आहे. ती आधी तपासते की ही उसळी ओरखड्याचीच आहे का, आणि तसे वाटले तरच हात लावते. अब्बांनी वहीत ठळक लिहिले होते: "सरसकट नको. शर्तवाली घ्यावी. तबल्याची चाटी बोथट होते."

आम्हाला तबल्याची चाटी बोथट झालेली ओळखू येईना, हे कबूल करायला हरकत नाही. कान तेवढा तयार नाही. म्हणून आम्ही हिराबाई बडोदेकरांच्या एका तव्याची तीन रूपे केली: जशीच्या तशी, सरसकट गाळलेली आणि शर्तीची. पेन ड्राइव्ह घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो. मिरजेत पिढ्यान् पिढ्या तंबोरे आणि सतारी करणारी घरे आहेत. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांतल्या एका कारखान्यात अब्बांचे एक दोस्त बसतात. वय ऐंशीच्या घरात, आम्ही चाचा म्हणतो. त्यांना काही न सांगता दुसरे रूप आधी लावले.

चाचा घोडीवर कानस चालवत होते. हात थांबला. "ह्या तंबोऱ्याची जवारी कुणी बंद केली?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याची तार घोडीच्या ज्या रुंद पृष्ठावर टेकते ते पृष्ठ कानशीने अगदी बारीक घासतात आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतात. मग तार नुसती वाजत नाही, गुंजते. मधमाश्यांसारखा तो झंकार म्हणजे जवारी. तो सगळा वरच्या, बारीक सुरांचा बनलेला असतो, आणि सरसकट गाळणीने नेमके तेच खाल्ले होते. मग आम्ही मूळ रूप लावले. खरखर, टक्-टक् सगळे होते. चाचा म्हणाले, "ही खुली आहे. तव्यावर धूळ आहे, पण तंबोरा जिवंत आहे." शर्तीच्या रूपावर त्यांनी बराच वेळ घेतला. दोनदा ऐकले. "चालेल. पण मला विचारशील तर हिराबाईला हात लावू नको."

त्या रात्री अब्बांच्या वहीत हिराबाईंचे पान काढून पाहिले. उजव्या बाजूला गाळणीच्या रकान्यात एवढेच होते: "नाही."

हिराबाई म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ साहेबांच्या कन्या. खाँ साहेब कैराण्याचे, पण मिरज त्यांनी आपली केली. १९३७ साली ते वारले आणि इथेच, ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात तिथे गाण्याची मैफल होते. अब्बांची ड्यूटी नसेल त्या वर्षी ते आम्हाला खांद्यावर बसवून न्यायचे. खाँ साहेबांचे जे काही आज ऐकायला मिळते ते सगळे ७८ फेऱ्यांच्या तव्यांवर भरलेले, तीन-सव्वातीन मिनिटांचे. त्या तीन मिनिटांसाठी एवढा मोठा गवई कसा आवरून गायला, ते अब्बा आम्हाला घड्याळ हातात धरून दाखवायचे.

ग्रॅमोफाइलची गाणी शोधण्याची रीतही गमतीची आहे. ती शांतता शोधते. आवाज ठरावीक मर्यादेखाली गेला आणि काही वेळ तिथेच राहिला, की तिच्या मते गाणे संपले. फिल्मी गाण्यांच्या एल.पी.वर हे बिनचूक चालते. "मुघल-ए-आझम"ची गाणी तिने पहिल्याच फटक्यात बरोबर वेगळी केली. पण सतारीच्या एल.पी.वर आलाप सुरू असतो. वादक एक सूर लावतो, तो विरेपर्यंत थांबतो, मग पुढचा. सॉफ्टवेअरला वाटते, संपले. एका रागाचे तिने नऊ तुकडे केले. याउलट एका एल.पी.वर दोन कव्वाल्यांच्या मध्ये टाळ्या आणि "वाह वाह" इतकी भरलेली होती की तिला शांतताच सापडली नाही. अख्खी बाजू एक गाणे. म्हणूनच अब्बांनी मजकुराच्या फाइलींत वेळा हाताने बदलल्या होत्या. ते काम आता थोरली करते, कान लावून आणि पेन्सिलने लिहून, मुलांच्या वह्या तपासल्यासारखे.

पूर्ण अब्बांच्याच वाटेने गेलो असेही नाही. जिथे एखादाच मोठा ओरखडा आहे तिथे भाच्याची ऑडॅसिटी बरी. पडद्यावर आवाजाची लाट दिसते, तेवढाच काटा निवडायचा आणि तेवढाच बुजवायचा, बाकी गाण्याला धक्का नाही. बेगम अख्तरच्या तव्यावर सुई घसरली होती तो लांब आडवा ओरखडा आम्ही तसा बुजवला. दर फेरीला एक टक्, म्हणजे मिनिटाला ३३ टक्. धाकटीचे दोन शनिवार गेले.

तो पहिला तवा आम्ही अम्मींना ऐकवला तेव्हा त्या खूश होतील असे वाटले होते. त्यांनी पूर्ण गझल ऐकली, डोळे मिटून. मग म्हणाल्या, "अच्छा है. पर इत्ता साफ नक्को करो. ये किसी और के घर का तवा लगता."

आम्ही एकमेकींकडे पाहिले. खरखर कमी करण्यात आम्ही महिना घातला होता आणि अम्मींना ती हवी होती. सगळी नाही. सुरुवातीची. सुई टेकते तो "ठप्", मग गाणे सुरू होण्याआधीची ती पाच-सहा सेकंदांची सरसर. आम्ही तुकडे पाडताना तेच आधी कापून टाकत होतो. मग ठरले: सुरुवात कापायची नाही, आणि शर्तीची गाळणीही फक्त जिथे ऐकताना त्रास होतो त्या तव्यांना. त्यामुळे कामही निम्मे झाले.

रेडिओचे म्हणाल तर बाजारात पेन ड्राइव्ह लागणारे पुष्कळ आहेत. आम्ही बघितले ते बटन: मोठे, उंच उचललेले आणि दाबल्यावर टक् असा स्पर्श देणारे. कंप असलेल्या हाताने गुळगुळीत पडद्यावर बोट टेकवायला गेले की तीनदा लागते. बटन मात्र मुठीनेही दाबता येते. पडद्यावरची नावे अम्मींना दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक तव्याच्या सुरुवातीला एक छोटी फाइल घातली आहे, ज्यात त्या तव्याचे नाव बोलून सांगितलेले असते. नावे कोणी बोलायची यावर नातवंडांत भांडण झाले, तेव्हा अम्मी म्हणाल्या, मीच बोलते. त्या अब्बांच्या पद्धतीने बोलल्या: कप्पा दुसरा, डावीकडून सातवा. गायकाचे नाव कुठेच नाही. आम्हाला कळत नाही, त्यांना बरोबर कळते.

फाइली आम्ही आता तीन ठिकाणी ठेवतो: लॅपटॉपमध्ये, एका वेगळ्या डिस्कवर, आणि शारजाला भाईजानकडे. सी.डी.वर नाही. मूळ भरलेली फाइल कधी पुसत नाही, गाळलेली वेगळी ठेवतो. आकार कमी करायचा तर फ्लॅक नावाची पद्धत आहे. तिच्यात फाइल साधारण निम्मी होते आणि आवाजातले काहीही गळत नाही. तीही खुली आहे, कोणा एका कंपनीच्या खिशात नाही. अब्बांच्या लांबट वहीचा आम्ही फोटो काढला आहे, पण नोंदी अजून त्याच वहीत करतो. उजवी पाने शिल्लक होती.

भाचा आता ग्रॅमोफाइलच्या सूचना वाचतो आहे. त्या बंद खिडकीऐवजी नव्या व्यवस्थेकडे जायला काय बदलावे लागेल ते त्याने कागदावर लिहून काढले आहे. परीक्षा झाल्यावर करतो म्हणाला. इन्शाअल्लाह करेलही. पण आमचे त्यावाचून अडलेले नाही, आणि त्याची परीक्षा अधिक महत्त्वाची आहे असे त्याच्या आईचे मत आहे.

आजवर आमचे ५२ तवे झाले, अब्बांच्या वाचलेल्या २८ सी.डी. वेगळ्या. एल.पी. आणि छोटे ४५ फेऱ्यांचे मिळून सोळा उरले आहेत. आणि मग २२ लाखेचे, ७८ फेऱ्यांचे. त्यांची खाच रुंद असते, नेहमीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि नुसता कचरा वाजवते. त्यांना साधारण तिप्पट रुंद टोकाची सुई लागते. आमच्या टर्नटेबलला बसणारी तशी सुई भाईजान तिकडून पाठवत आहेत. ती येईपर्यंत ते तवे जिथल्या तिथे, तिसऱ्या कप्प्यात उभे आहेत. अम्मींनी त्या कप्प्यातली नावे आधीच बोलून ठेवली आहेत. डावीकडून पहिला, दुसरा, तिसरा, अशी बावीसच्या बावीस.